मदत हवी आहे: बरं न होणं म्हणजे विश्वास कमी पडणं का?

सर्वांना जय ख्रिस्त. रविवारी युवक संघात मार्कच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या जीवनाच्या चार वृत्तांतांपैकी एक) 6वा अध्याय आहे. नासरेथात अविश्वासामुळे येशूने थोड्याच रोग्यांना बरं केलं, हे वाचलं की एक मुलगी विचारणारच, "आमचा विश्वास कमी पडला म्हणून आई गेली का?" तिच्या मनावर ओझं टाकणारं उत्तर मला अजिबात द्यायचं नाही.

मार्क 2 मध्ये छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्यांचा विश्वास दिसतो. उलट योहान 5 मध्ये बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेल्याला येशू कोण हेही ठाऊक नव्हतं, तरी तो बाज उचलून चालू लागला. आणि प्रेषित पौलाने तीनदा प्रभूला विनवूनही त्याच्या 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा त्रास, दूर झाला नाही. इथपर्यंत नीट सांगता येईल.

अडतंय ते पुढे. लूक 11:20 प्रमाणे चमत्कार ही देवाचं राज्य आल्याची खूण. पाळकांनी पौलाच्या रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय सुचवला, पण मला शुभवर्तमानातलाच उतारा हवाय. मुलं पंधरा-सोळा वर्षांची, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही, वेळ अर्धा तास. बरं झाल्याच्या साक्षींचे व्हिडिओ कृपया नकोत.

ज्या घरात ही खूण दिसली नाही, तिथे देवाच्या राज्याबद्दल कोणत्या उताऱ्यावरून आणि कसं बोलावं?