लाल वॉटरसन यांची गाणी ऐकवायची, तर सुरुवात कुठून करावी?

रसिका_धरमपेठ
नमस्कार. नागपुरातील आमच्या छोट्या श्रोतृमंडळाच्या पुढील बैठकीसाठी इंग्लंडमधील हल या बंदरातील गायिका आणि गीतकार लाल वॉटरसन (१९४३–१९९८) यांची निवड झाली आहे. त्यांच्या घरच्या वृंदाने गायिलेली पारंपरिक गीते आधी ऐकवावीत की त्यांची स्वतःची, यावर एकमत होत नाही. त्यांच्या रचनांमध्ये लोकसंगीत कुठे आहे, असे आमच्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

महालकर
ताई, आधी घर, मग लाल. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे नॉर्मा, माइक आणि लाल ही भावंडे आजीजवळ वाढली आणि नात्यातल्या जॉन हॅरिसन यांना घेऊन त्यांनी जो वृंद उभा केला, त्याची ओळखच वाद्यांविना गाण्याची होती. १९६५ च्या ‘फ्रॉस्ट अँड फायर’ या तबकडीत वर्षभराच्या सणविधींची गीते आहेत. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात, आणि खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचा खेळ संपला की ती गाणी वर्षभर कोणी काढत नाही. त्यामुळे नागपूरच्या श्रोत्याला ही तबकडी फारशी समजावून सांगावी लागणार नाही.

जुनी_तबकडी
महालकरांचा आदर राखून वेगळे सांगतो: लाल यांच्यापासूनच सुरुवात करावी. परंपरेने कान आधी तयार केला, की पुढचे प्रत्येक गाणे त्याच मापाने मोजले जाते आणि आपल्या ज्येष्ठांचा आक्षेप आणखी पक्का होतो. त्यांनी माइक यांच्यासह केलेली ‘ब्राइट फीबस’ १९७२ साली आली, तेव्हा तिथल्या परंपरानिष्ठांनीही असेच नाक मुरडले होते. गंमत अशी की, तिचे ध्वनिमुद्रण इंग्लंडच्या लोकगीत-लोकनृत्य संस्थेच्या लंडनमधील वास्तूतच झाले. २०१७ मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली.

‘फाइन हॉर्समन’ लागोपाठ दोनदा लावा. चाल अपेक्षित जागी विसावत नाही, आणि आवाजही गोड म्हणावा असा नाही. त्यानंतर लगेच घरच्या वृंदाचे एखादे गीत ऐकवले, तर तिथेही प्रत्येकाची सुरावट ठरलेल्या पट्टीत न राहता आवाज एकमेकांना ओलांडतात, क्षणभर एका सुरावर येतात आणि पुन्हा फाकतात, हे लक्षात येईल. लोकसंगीत कुठे आहे, याचे उत्तर मला तिथे सापडते. वाद्ये किंवा विषय पाहून ते सापडणार नाही.

सीताबर्डी_श्रोता
जुनी_तबकडी यांच्याशी सहमत आहे. एक सूचना मात्र करावीशी वाटते. बंदर म्हटले की निवेदकाला समुद्र आठवतोच. १९६८ च्या सुरुवातीला हलची तीन मासेमारी जहाजे काही आठवड्यांच्या अंतराने बुडाली आणि ५८ जण गेले. लिलियन बिलोक्का यांच्या पुढाकाराने तिथल्या कोळी स्त्रियांनी सुरक्षेसाठी लढा दिला. शहर समजायला हा इतिहास अवश्य सांगावा, पण ‘ब्राइट फीबस’ची किल्ली म्हणून नको, कारण त्या गाण्यांत समुद्र शोधूनही फारसा सापडत नाही. शेवटी मुलगा ऑलिव्हर नाइट यांच्यासह केलेली १९९६ ची ‘वन्स इन अ ब्लू मून’ ठेवावी. गीतांचे छापील शब्द वाटणार असाल, तर पहिल्या ऐकण्यानंतर वाटा.