शॉकअपच्या बुडातून तेल येतंय, एक्सल क्लॅम्पचे आटेही गेलेत

वारजे_१५०:
पुढे डिस्क असलेली १५० सीसी गाडी. उजव्या शॉकअपच्या बुडाशी जो अ‍ॅलन बोल्ट आहे त्यावर तेलाचा थेंब धरतो, सकाळी खाली रुपयाएवढा डाग असतो. बोल्ट आवळला तर नुसता गरागरा फिरतो. त्याच बाजूला एक्सल धरणाऱ्या क्लॅम्पचा ८ मिमी बोल्टही सुटला; त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून आली. गॅरेजमध्ये बॉटम केसच (शॉकअपचा खालचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग) बदला म्हणतात. बदलावीच लागेल का?

सिंहगड_पायथा:
थांबा, बुडाच्या बोल्टचे आटे बहुतेक शाबूत आहेत. तो बोल्ट बॉटम केसमध्ये नाही, आतल्या डॅम्पर रॉडमध्ये (शॉकअपची उसळी आवरणारी दांडी) बसतो. रॉडला फक्त स्प्रिंगचा दाब धरून ठेवतो. दाब कमी पडला की रॉडच बोल्टबरोबर फिरतो. पुढचा ब्रेक धरून कुणाला तरी हँडल खाली दाबून ठेवायला सांगा आणि तेव्हा आवळून बघा. पकडला तर आटे ठीक.

त्याआधी शॉकअपचा पाईप पुसून डस्ट सीलभोवती टाल्कम पावडर टाका आणि दहा-बारा वेळा दाबा. पावडर ओली झाली, तर वरचं ऑईल सील गेलंय आणि तेच तेल ओघळून बोल्टवर जमतंय. तसं असेल तर पाईपवरून नख फिरवा. गंजाचा खड्डा नखाला लागला तर नवं सीलही महिन्याभरात फाटेल.

गळती बुडाचीच असेल तर दोष त्या बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरचा. एकदा दबला की तो कडक होतो, परत बसत नाही. नवा टाका, बोल्टला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. बोल्ट काढला की तेल सांडणारच, म्हणून दोन्ही बाजूंचं तेल बदला आणि मापाच्या नळीने सारखंच भरा. इंजिन ऑईल नको.

भोसरी_टूलरूम:
क्लॅम्पसाठी बॉटम केस बदलू नका, हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची कॉइल) बसवा. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असेल तर ८.३ मिमी ड्रिल, आटे पाडायला हेलिकॉइलचाच टॅप (साधा ८ चा चालत नाही), १२ मिमी लांबीची कॉइल. टॅपला रॉकेल लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कॉइल तोंडापासून पाव ते अर्धा फेरा आत बसली पाहिजे, मग कॉइलच्या टोकाची आडवी शेपूट मोडून बाहेर काढा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: टॅप जवळपास ९.६ मिमीचा असतो, त्यामुळे बोल्टच्या डोक्याकडच्या भोकातून तो जात नाही. जबरदस्ती केली तर त्या बाजूलाही आटे पडतात आणि क्लॅम्प दाबलाच जात नाही. भोक आरपार आहे का?

वारजे_१५०:
आरपार आहे. पलीकडे जागाही आहे.

भोसरी_टूलरूम:
मग पलीकडूनच टॅप मारा, कॉइलही तिकडूनच. नाना पेठेत किट मिळालं नाही तर बोहरी आळीत बघा. बसवताना आधी एक्सलचा नट, मग ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, क्लॅम्प शेवटी. लांब पाना नको. ८ मिमीला साधारण २० न्यूटन-मीटर खूप झाले.

सिंहगड_पायथा:
एक राहिलं. डिस्क त्याच बाजूला असेल तर ब्रेक पॅड काढून बघा. तेल मुरलेले पॅड कितीही घासले तरी गरम झाले की त्यातून तेल परत सुटतं. ते बदला, आणि डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.