पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये नोंदवणे कितपत सुरक्षित आहे?

यवतमाळची वहिनी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि गावातल्या महिला बचत गटाचे हिशेब लिहिते. गेल्या दीड वर्षापासून पाळीच्या तारखा मी मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये टिपते. त्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली पेन्सिलीने एक बारीक टिंब देत असे, आणि मुलाने विचारलेच तर ती सिलिंडर लावल्याची खूण आहे म्हणून सांगत असे.

मागच्या महिन्यात मामाजींनी सोयाबीनचा भाव पाहण्यासाठी माझा फोन घेतला, आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर 'तुमची पाळी दोन दिवसांत अपेक्षित आहे' अशी सूचना झळकली. ते काही बोलले नाहीत. फोन खाटेवर पालथा ठेवून ते भाव विचारायला शेजारी निघून गेले. रागावले असते तर मला इतके अवघडल्यासारखे झाले नसते.

दुसरी गोष्ट अशी की, कापूस वेचणीच्या घाईत मी दोन महिने तारखा नोंदवायला विसरले होते, आणि त्यानंतर मला गर्भवतींसाठीच्या गोळ्यांच्या व बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. हा योगायोग आहे, की ॲपने माझ्या रिकाम्या नोंदींचा अर्थ लावून तो पुढे कोणाला सांगितला? माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला हेच ॲप मी घालून दिले आहे, म्हणून काळजी अधिक वाटते. ही माहिती नेमकी कोठे जाते आणि ॲप काढून टाकले की ती पुसली जाते का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सेलूकर

वहिनी, मी मूळचा सेलूचा, वर्धा जिल्ह्यातला. सध्या नागपुरात मोबाइल ॲप तयार करण्याचे काम करतो. त्या जाहिराती तुमच्या नोंदींमुळेच आल्या असे खात्रीने म्हणता येणार नाही, कारण घरात कोणी काही शोधले असेल त्यावरूनही त्या येतात. परंतु तुमचा संशय अगदीच निराधार नाही.

ॲपमधले सगळेच आम्ही स्वतः लिहीत नाही. किती जणांनी ॲप उघडले, कोणते बटण दाबले, हे मोजण्यासाठी फेसबुक, गूगल अशा कंपन्यांनी तयार करून ठेवलेला कोड त्यात जोडला जातो. आमच्या भाषेत त्याला एसडीके म्हणतात. तो जोडला की तुम्ही आत काय करता याची खबर त्या कंपनीकडेही जाऊ लागते. खबरीसोबत नाव जात नाही, म्हणून ती निनावी आहे असे सांगितले जाते. मात्र फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखण्याची खूण, जाते, आणि तोच क्रमांक फोनमधल्या इतर ॲपनाही मिळत असल्यामुळे सगळ्या खबरी एकाच व्यक्तीच्या नावे गोळा करायला नावाची गरज उरत नाही.

हे नुसते तर्क नव्हेत. प्रायव्हसी इंटरनॅशनल या लंडनच्या संस्थेने २०१९ मध्ये पाळीची काही ॲप तपासली, त्यांत आपल्या बंगळुरूच्या कंपनीचे 'माया' हेही होते. वापरणारीने गोपनीयता धोरणाला होकार देण्याच्या आधीच, ॲप उघडल्याबरोबर ते फेसबुकला कळवत असल्याचे आढळले; हा प्रकार बाहेर आल्यावर कंपनीने फेसबुकचा तो कोड काढून टाकल्याचे सांगितले. 'फ्लो' हे दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेले ॲप. आरोग्याची माहिती खाजगी ठेवू असे वचन देऊन ती फेसबुक, गूगल आदींना पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये त्याच्यावर ठेवला आणि प्रकरण समझोत्याने मिटले. फेसबुककडे जाणाऱ्या एका खबरीचे नावच 'गर्भारपणाचा आठवडा निवडला' अशा अर्थाचे होते. ती वाचायला कोणी हुशार माणूस लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने, ॲप वापरणाऱ्यांनी याच प्रकाराबद्दल केलेल्या वेगळ्या दाव्यात, फेसबुकच्या मेटा कंपनीलाही जबाबदार धरले.

ॲप नुसते काढून टाकल्याने कंपनीच्या संगणकावर गेलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. आधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'खाते हटवा' हा पर्याय शोधा, तो नसेल तर कंपनीला ईमेल पाठवा, आणि त्यानंतरच ॲप काढा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलच्या जाहिरात विभागात जाहिरात क्रमांक हटवण्याची सोय असते, ती वापरावी. ॲप हवेच असेल, तर बर्लिनमधल्या एका गटाने तयार केलेले 'ड्रिप' पाहा. ते नोंदी फोनमध्येच ठेवते आणि त्याला पासवर्ड लावता येतो.

तुरीच्या पाट्या

मला या सगळ्याचा बाऊ होतो आहे असे वाटते. पाळी ही लपवण्याची गोष्ट नाही, असे आपण एका बाजूने शाळाशाळांतून शिकवतो, आणि दुसऱ्या बाजूने सासऱ्यांना एक ओळ दिसली म्हणून घाबरतो. माझी आजी चार दिवस ओसरीवर वेगळी बसायची, अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचे. तेव्हा कुठे होती गोपनीयता?

आशाताई, गडचिरोली

दादा, तुमच्या आजीला वेगळे बसायचे की नाही, हे कोणी विचारले होते का? आमच्या भागातल्या कितीतरी माडिया-गोंड गावांत बाईला त्या दिवसांत कुर्माघरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत, राहावे लागते. ती तिकडे गेली की गावाला कळते, आणि एखाद्या महिन्यात गेली नाही की तेही कळते. नव्या सुनेला दिवस गेल्याचे तिने नवऱ्याला सांगण्याआधी विहिरीवर बोलले गेलेले मी ऐकले आहे. ज्याची बातमी तिनेच द्यायची, ती दुसऱ्यांनी दिली, असा तो प्रकार असतो. वहिनींनी मामाजींना स्वतः सांगितले असते तर त्यात काही वावगे नव्हते. सांगायचे की नाही हे त्यांच्या हातात राहिले नाही, याचे वाईट वाटते.

वहिनी, सेलूकर दादांनी अमेरिकेपर्यंतचे सांगितले, मी तालुक्यापर्यंतचे सांगते. आमच्या गावातल्या बहुतेक मुलींचे फोन बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात चालू करून घेतले जातात. दुकानदार स्वतःच्या नंबरवर ईमेल खाते उघडतो आणि पासवर्ड बिलाच्या पाठीमागे लिहून देतो. एकदा चार मुलींची बिले मी शेजारी ठेवून पाहिली, तर चौघींचा पासवर्ड एकच होता: गावाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आता त्या खात्याने जे जे ॲप उघडले, त्याची किल्ली कोणाकडे राहिली? शिवाय एका घरात एकच चांगला फोन असतो, तो दुपारी दिराकडे, संध्याकाळी मुलांकडे. आमच्याकडची माहिती फेसबुकपर्यंत जायच्या आधी घरातच सांडते. म्हणून फोन लॉक असतानाही पडद्यावर दिसणाऱ्या सूचना अगोदर बंद करा, ते काम दोन मिनिटांचे आहे.

आणि माझ्या स्वतःच्या कामातली चूकही सांगते. गर्भवतीची नोंद करताना आम्ही शेवटच्या पाळीची तारीख लिहितो, कारण प्रसूतीची अपेक्षित तारीख तिच्यावरूनच, २८० दिवस धरून, काढतात. बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली पाहिजे, म्हणून घाई असते. त्या घाईत रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय आमच्यात लागली होती; नाव, वय, तारीख, कितवी खेप, सगळे त्या पानावर. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे मी कित्येक महिने पाहिलेसुद्धा नव्हते. एका बाईने मला तोंडावर विचारले तेव्हा लाज वाटली. आता मी आकडे टाइप करून पाठवते, पानाचा फोटो पाठवत नाही.

अमरावतीची वकील

आशाताईंनी सांगितलेल्या फोटोंचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र संमती, माहिती पुसून घेणे इत्यादी मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यायच्या आहेत, तेव्हा आज उठून तक्रार करता येईल असे मी म्हणणार नाही. त्या अमलात आल्या की संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येईल आणि माहिती पुसायला सांगता येईल. एक गोष्ट मला खटकते. २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे स्थान होते. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग ठेवलेलाच नाही, त्यामुळे पाळीची तारीख आणि किराण्याचा पत्ता एकाच तागडीत तोलले जातात.

भाचीबाबत: अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला हा कायदा मनाई करतो, हे चांगलेच आहे. पण तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, असेही तो म्हणतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीने आपली तारीख टिपायची, तर बहुधा वडिलांनी मोबाइलवर होकार द्यायचा! हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे घर नसावे.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून काही जणी घाबरतात, म्हणून एवढे स्पष्ट करते की तिथली परिस्थिती वेगळी आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केल्यानंतर अनेक राज्यांत गर्भपात गुन्हा ठरल्यामुळे अशा नोंदी पुरावा म्हणून वापरल्या जाण्याची भीती निर्माण झाली. आपल्याकडे १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे, सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिचे नाव अनधिकृत व्यक्तीला उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ॲप बनवणाऱ्यावर मात्र असे बंधन या कायद्यात नाही.

यवतमाळची वहिनी

सर्वांचे आभार. सूचना त्याच रात्री बंद केल्या. जाहिरात क्रमांकही हटवला. तो पर्याय शोधायला मुलाची मदत घ्यावी लागली, पण कशासाठी ते त्याने विचारले नाही.

खाते हटवताना आशाताईंचे म्हणणे पटले. ॲपने खात्री करण्यासाठी ईमेलवर एक कोड पाठवला, आणि ईमेल उघडायला गेले तर गूगलने दुकानदाराच्या नंबरवर दुसरा कोड पाठवला. शनिवारी बाजाराला गेले तेव्हा दुकानात बसून नंबर बदलून घेतला. "वहिनी, कशाला एवढा त्रास, मी आहे ना," असे ते म्हणाले. स्वभावाने चांगले आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पासवर्डही बदलला, आणि यावेळी त्यात गावाचे नाव नाही.

भाचीशी बोलले. तिला ॲप नको, पण दिनदर्शिकेवरचे टिंबही नको, कारण तिच्या घरी भिंतीपाशी सगळ्यांचा वावर असतो. तिने शाळेच्या वहीत शेवटच्या पानावर गणिताच्या बेरजांमध्ये तारखा मिसळून लिहायला सुरुवात केली आहे. मला तरी त्या ओळखता आल्या नाहीत.

दीड वर्षाच्या नोंदी पुसल्या का, असे विचारणारा ईमेल मराठीतच पाठवला आहे. अद्याप उत्तर नाही. आले की इथे कळवते.