चार्जिंगला लावली की गाडीची स्क्रीन काळी (नागपूरहून)

प्रेषक: प्राची

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांसाठी माहेरी आले आहे, प्रतापनगरला. नवतपा लागायचा आहे अजून, पण पारा ४५ वर गेलाय आणि घरात दोन कूलर दिवसभर घरघरतायत.

प्रश्न बाबांच्या इलेक्ट्रिक गाडीचा आहे. तीन वर्षं झाली घेऊन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर आठवडाभर इथे "आमच्या गाडीला असं कधी झालं नाही" चालेल.

परवा मावशीला वर्ध्याहून घेऊन येत होतो. वाटेत एका फास्ट चार्जरला गाडी लावली. दुपारचे अडीच, वर शेड नाही, आम्ही तिघं आत एसी लावून बसलेलो. साठ टक्क्यांच्या आसपास मधली मोठी स्क्रीन फट्दिशी विझली. गाणं बंद. एसी चालू होता, पण कमीजास्त करायला बटणच नाही, सगळं स्क्रीनमध्ये. बाबा म्हणाले, "गेली. बेशुद्ध पडून राहिली." मावशीने पर्समधला रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून स्क्रीनच्या कपाळावर ठेवला. दहा-बारा मिनिटांनी ती आपोआप उठली.

त्याच्या चार दिवस आधी वेगळंच. रात्री घरी चार्जिंगला लावली होती. पहाटे फोनवर मेसेज, १०० टक्के झाली. सात वाजता खाली गेलो तर गाडी ठार. रिमोटला ओ देईना, दार उघडेना. रिमोटच्या पोटात एक धातूची किल्ली असते हे मला त्या दिवशी कळलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन दिवस ठेवून घेतली, "मॅडम, अपडेट येऊन राहिलं, त्यात होऊन जाईल" म्हणाले आणि धुऊन परत दिली. पुढच्या आठवड्यात समृद्धीने शिर्डीला जायचंय. जावं का?

प्राची

---

प्रेषक: अभय

प्राची,

मावशींचं निदान सर्व्हिस सेंटरपेक्षा बरं आहे. तू दोन वेगवेगळे आजार एकाच केसपेपरवर लिहिले आहेस.

पहिला उन्हाचा. स्क्रीनमागे एक कॉम्प्युटर असतो: नकाशा, गाणी, मागचा कॅमेरा. चार्जिंग त्याच्या हातात नसतं. किती करंट घ्यायचा हे बॅटरीचा स्वतःचा कंट्रोलर आणि चार्जर त्या जाड केबलमधल्या तारांवरून आपसात ठरवतात. म्हणून स्क्रीन विझली की आधी चार्जरच्या डब्याकडे बघ. तिथले युनिट वाढत असतील तर गाडी शुद्धीवर आहे, फक्त डोळे मिटलेत. फास्ट चार्जिंगमध्ये मोठी बॅटरी तापते, आणि तिला थंड करायला बहुतेक गाड्यांत तोच कॉम्प्रेसर लागतो जो तुम्हाला एसी देतो. वर नागपूरचं ऊन, आत तिघं. डॅशबोर्डमधला प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की जळण्यापेक्षा झोपणं पसंत करतो.

हे तुमच्याच गाडीचं नाही. मे २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांचा रिकॉल काढला होता, तो नेमका यासाठीच: फास्ट चार्जिंग करताना किंवा त्याच्या तयारीत असताना प्रोसेसर पुरेसा थंड होत नव्हता, स्क्रीन अडखळायची किंवा काळी पडायची. इलाज सॉफ्टवेअरचाच निघाला, घरबसल्या हवेतून आलेला. तेव्हा "अपडेट येऊन राहिलं" हे अगदीच थापा म्हणून सोडू नको.

दुसरा आजार मात्र अपडेटने जाणार नाही. इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, साध्या गाडीत असते तशीच. कुलपं, दिवे, सगळे कॉम्प्युटर तिच्यावर. इतकंच काय, मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे जाड रिलेसुद्धा तीच ओढते. ती मेली की मोठी बॅटरी १०० टक्के असून उपयोग शून्य. कोठार भरलेलं, किल्ली विहिरीत.

गाडी चालू असताना किंवा चार्ज होत असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा डबा मोठीतून छोटीला भरत राहतो. म्हणून आता प्रश्न एवढाच की छोटी म्हातारी झाली, की तिला जेवण देणारा डबाच बिघडला. दुसरं असेल तर प्रवास नको. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात ‘आयोनिक ५’ या इलेक्ट्रिक मॉडेलच्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या त्या याच भागासाठी. छोटी रिकामी होत गेली तर चालती गाडी रस्त्यात थांबू शकते.

ओळखायला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत छोटीच्या टोकांवर मोज. चांगली भरलेली असेल तर साडेबाराच्या वर. मग चार्जिंगला लावून परत मोज. साडेतेरा-चौदाच्या घरात गेला तर डबा ठीक. बारावरच घुटमळला तर गाडी सरळ टो करून न्या.

आणि एक विचार: बाबा फोनवरच्या ॲपमध्ये किती वेळा बघतात? दर वेळी झोपलेली गाडी जागी होऊ शकते, आणि त्याचा भार छोटीवरच.

अभय

---

प्रेषक: वसुधा

अगं प्राची, घरच्या चार्जरचं अर्थिंगही बघून घे गं. मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो, अर्थिंग मिळालं नाही की चार्जर लाल दिवा लावून बसतो. आमच्या धरमपेठच्या घरी बाबा दर उन्हाळ्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे, तेव्हा तर फ्रिजसाठी. आणि येताना संत्र्याची बर्फी आण.

---

प्रेषक: प्राची

अभयदादा,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बघतो मी अधूनमधून." आईने खोलीतून ओरडून सांगितलं, रात्री दर अर्ध्या तासाने. झोप येत नाही उकाड्याने, मग किती टक्के झाली ते बघतात.

काल सकाळी इलेक्ट्रिशियन भाऊ आले. बॉनेट उघडून आधी म्हणाले, "इंजिन कुठाय?" मग हसले. उभ्या गाडीत ११.४. चार्जिंगला लावल्यावर १३.९. म्हणजे जेवण मिळतंय, पण पचत नाही. बॅटरी मूळचीच होती, तीन उन्हाळे काढलेली. सर्व्हिस सेंटरला आकडे फोनवर सांगितले तर सूर एकदम बदलला, दुपारी नवीन बसवून दिली. आज सकाळी १२.७.

वसुधामावशी, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. झाकणाखाली एक बेडूक निघाला, त्याच्यासाठी म्हणून दोनऐवजी तीन बादल्या ओतल्या.

स्क्रीनची परीक्षा बाकी होती. आज मुद्दाम दीड वाजता त्याच चार्जरवर गेलो. सत्तावन्न टक्क्यांवर परत काळी! पण या वेळी कुणी घाबरलं नाही. बाबा उतरून चार्जरसमोर उभे राहिले आणि आतल्या आम्हाला युनिट ओरडून सांगत होते, निवडणुकीच्या मतमोजणीसारखे. चार्जिंग क्षणभरही थांबलं नाही. शिर्डीला पहाटे चारला निघतोय, म्हणजे पहिलं चार्जिंग ऊन चढायच्या आत उरकेल.

ॲप आईने स्वतःच्या फोनवर घेतलंय. बाबांनी मल्टिमीटर विकत आणला, आणि आता शेजारच्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मोजत फिरून राहिलेत.

प्राची