मदत हवी: एल्क हरणासाठी रायफल, क्रीडमूर की ३०० विन मॅग? (लवकर सांगा)

डोंगरवेडा: मंडळी, कोलोराडोचा एल्क टॅग (शिकारीचा परवाना) हातात आहे, सेकंड रायफल सीझन, म्हणजे ऑक्टोबरअखेर. रायफल अजून घ्यायचीय. ऑफिसातला मित्र म्हणतो ६.५ क्रीडमूर (लहान काडतूस) बास, दुकानदार म्हणतो ३०० विन मॅगच्या (मोठं मॅग्नम काडतूस) खाली बघूच नको. लाँग रेंज मारायचंय. एकच नाव सांगा, व्हिडिओ बघून डोकं उठलंय. शिकार चूक की बरोबर हा वाद इथे नको.

बोल्टअ‍ॅक्शन: लाँग म्हणजे किती? कुणाला २०० यार्ड लांब वाटतं, कुणाला ८००. आणि आजवर किती लांबून मारलंयस ते सांग, बेंचवर रायफल टेकवून नव्हे.

तात्या_मिरज: आमच्या आजोबांकडे ३१५ ची रायफल होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ती कपाटात गेली ती गेलीच, आता फक्त निवडणूक आली की चौकीत जमा करायला बाहेर निघते. एल्क म्हणजे आपलं सांबरच ना?

हंगुल: नाही तात्या, सांबर वेगळं. एल्कचा जवळचा भाऊबंद म्हणजे काश्मीरचा हंगुल. त्यात युरोपात मूस या दुसऱ्याच मोठ्या हरणाला एल्क म्हणतात, म्हणून घोळ होतो.

डोंगरवेडा: हंगुल राहू द्या हो. ५००-६०० यार्ड धरा. मित्राच्या क्रीडमूरने १०० यार्डावर मारलंय, गोळ्या एकाच जागी, ग्रुपिंग मस्त आलं.

बोल्टअ‍ॅक्शन: बेंचवरून ना? मग ६०० विसर.

जुना_शिकारी: ३०-०६ ची रायफल घे, १८० ग्रेन वजनाची गोळी, विषय संपला. १९०६ पासून चाललीय, गोळ्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा मिळतात. तुमची ती नवी पीआरसी-बीआरसी काडतुसं डोंगरातल्या गावात शोधून दाखवा.

सातमिमी: काका, जग पुढे गेलं. ७ पीआरसी घे रे, १७५ ग्रेन. एल्कला १५०० फूट-पाउंड ऊर्जा हवी असा ढोबळ हिशोब लोक धरतात. क्रीडमूरची १४३ ग्रेनवाली साडेतीनशे-चारशे यार्डांच्या आसपास त्याच्या खाली येते, ७ पीआरसी ६०० लाही वर असते.

बोल्टअ‍ॅक्शन: ऊर्जेने एल्क पडत नाही, फुप्फुसात भोक पडल्यावर पडतो. ताशी १० मैल आडवा वारा असला तर ५०० यार्डांवर क्रीडमूरची गोळी सव्वा-दीड फूट सरकते, म्हणजे फुप्फुसावर धरलेली पोटात जाते आणि मग तू अंधारात रक्ताचे ठिपके शोधत हिंडतोस. मॅग्नम घेतलीस तर थोडी कमी सरकेल, पण वारा तुलाच वाचायचाय.

वऱ्हाडी_बोल्डर: माझंच सांगतो. पहिल्याच वर्षी ३०० विन मॅग घेतली, हलकी, हौसेनं. चढावर पोटावर झोपून मारायला गेलो, डोळा स्कोपच्या फारच जवळ होता, तिनं कपाळावरच ठोसा मारला अन् भुवईला तीन टाके. त्यापुढे वर्षभर ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायचे, गोळी जमिनीत जायची. क्रीडमूरचा धक्का तिच्या निम्म्यानं असते भाऊ. मी आता तीच वापरतो, साडेतीनशेच्या आत. पुढे दिसला तं अजून चढतो, नाही जमलं तं घरी.

जुना_शिकारी: साडेसहाने एल्क म्हणजे सुतळी बॉम्बने भिंत पाडणं.

वऱ्हाडी_बोल्डर: कोलोराडोचा नियम वाचा काका. ०.२४ इंच बोअर (नळीचा व्यास), ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड, एवढं असलं की एल्कला चालते.

स्वाती_अरोरा: एक कुणी विचारलंच नाही. व्हिसा कुठला? एच-१बी वर बंदूक जवळ ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे, पण इथलं वैध हंटिंग लायसन्स असलं तर सूट मिळते. दुकानातल्या फॉर्मवर तो प्रश्न असतो, थापा मारू नकोस. आणि लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते, रायफल मात्र घरातच असते. तारीख बघ.

डोंगरवेडा: बाप रे. एच-१बीच आहे. दुकानदार काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

स्वाती_अरोरा: जाताना लायसन्स आणि पासपोर्ट दोन्ही ने.

काळा_मसाला: मांस आणलंस की मांडीचा रस्सा कर. चरबी जवळजवळ नसते, तेव्हा तेलात हात आखडू नको, मंद आचेवर दोन तास. पाठीचा तुकडा मात्र फक्त परतायचा, शिजवत बसलास तर चामडं.

सातमिमी: आधी मारू तर दे! आणि नर तीनशे किलोच्या वर जातो, खाली आणणार कोण? एकटा असलास तर चार-पाच फेऱ्या धर.

डोंगरवेडा: शनिवारी रेंजवर जाऊन आलो, तीच क्रीडमूर, ३०० यार्ड, बसून. दहातल्या चार प्लेटला लागल्या. वाराही नव्हता.

बोल्टअ‍ॅक्शन: मग २०० च्या पुढे मारू नकोस यंदा. तेवढ्याला यातली कुठलीही चालते. गोळी तांब्याची किंवा बाँडेड (आवरणाला शिसं पक्कं जोडलेली) घे.

डोंगरवेडा: क्रीडमूर घेतो मग. स्कोप कुठला घेऊ?

जुना_शिकारी: चार पॉवरचा फिक्स. विषय संपला.

सातमिमी: झालं सुरू.