बीएचटी: तेलातलं अन् प्लास्टिकमधलं

भाऊ, तुम्ही वर लिहिलं की प्लास्टिकमध्ये टाकतात तेच बीएचटी (माल हवेनं खराब होऊ नये म्हणून टाकायचं अँटिऑक्सिडंट) तेलातही असतं म्हणजे आपण प्लास्टिकच खातो, तर हे अर्धंच बरोबर आहे. रेणू तोच, पण खाण्याच्या मालाला शुद्धतेची ग्रेड वेगळी लागते. कामही तेच, ऑक्सिजनमुळे फ्री रॅडिकलची (म्हणजे अर्धवट तुटलेल्या, चटकन दुसऱ्याला धरणाऱ्या रेणूंची) जी साखळी सुरू होते तिला आपला हायड्रोजन देऊन थांबवायचं. तेल खवट होतं, पॉलिप्रॉपिलीनचं प्लास्टिक ठिसूळ होतं, रोग एकच बापा.

मी नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून दाबून काढायच्या मशीनवर) आहे, तिथं २३० डिग्रीला बीएचटी टिकतच नाही, उडून जातं (रेणुभार जेमतेम २२०), म्हणून आम्ही १०१० नावाचं जड अँटिऑक्सिडंट टाकतो, त्याचा रेणुभार ११७८ च्या आसपास, तो जागचा हलत नाही, अन् सोबत १६८ नावाचं फॉस्फाइट, ते ऑक्सिजन लागून तयार होणारं हायड्रोपेरॉक्साइड मोडतं. एकदा १६८ टाकायचं राहिलं तर पांढरे दाणे पातळ चहासारखे पिवळे निघाले, पूर्ण बॅच गेली.

तळणाच्या तेलात टीबीएचक्यू (हेही अँटिऑक्सिडंटच) जास्त चालतं, मर्यादा किलोला २०० मिलीग्रॅम. बाकी गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची मे महिन्यात तडकते त्याचा दोष या अँटिऑक्सिडंटला देऊ नका, तिथं उन्हाचं काम आहे, त्याले यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हाच्या अतिनील किरणांपासून वाचवणारं रसायन) पायजे.