मदत हवी आहे: गॅलरीत येणारा लांब तंगड्यांचा ‘मोठा डास’ नक्की कोण?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला तळमजल्यावर राहतो. मागे छोटी बाग आहे: पारिजातक, अळू, थोडी हिरवळ आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खड्डा. पाऊस लागला की संध्याकाळी दिवा लावल्याबरोबर एक किडा घरात शिरतो. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालतो, भिंतीवर आपटतो, मग पडद्याला लटकून बसतो. अंग बोटाच्या पेराएवढंही नाही, पण तंगड्या लांबच लांब. धरायला गेलं की एखादा पाय तुटून आपल्या हातात राहतो आणि हा उडून जातो. काल बरणीखाली ठेवून नीट पाहिला. पंख दोनच, आणि त्यांच्या मागे टाचणीसारख्या गोल डोक्याच्या दोन बारीक काड्या. शेपटीचं टोक अणकुचीदार, त्यामुळे लेक फार घाबरते.

सासूबाई याला ‘डासांचा बाप’ म्हणतात, शेजारच्या काकू ‘राक्षसी डास’. सोसायटीत डेंग्यूचे पेशंट निघाल्यापासून हा दिसला की स्प्रे मारला जातो. घरात लहान मूल असताना रोजचा स्प्रे मला अजिबात पटत नाही, पण नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून घरातल्यांना थांबवता येत नाही.

हा चावतो का? याच्यामुळे डेंग्यू होतो का? शिवाय खड्ड्यात राखाडी अळ्या सापडल्या आहेत. त्या याच्याच की हुमणी (मुळं खाणारी भुंग्याची अळी)? तुमच्याकडे याला काय म्हणतात तेही जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, स्प्रे आधी बंद करा. हा क्रेन फ्लाय. डासांसारखाच दोन पंखांच्या कीटकांतला, पण त्याला रक्त पिणारी सोंडच नसते. याच्या जगात १५,००० हून जास्त जाती आहेत. कोशातून बाहेर आल्यावर तो जेमतेम काही दिवस जगतो, आणि खातोही नावापुरतंच. टोकदार शेपटीची मादी असते. त्या टोकानं ती ओल्या मातीत अंडी घालते. तो डंख नव्हे, लेकीला नक्की सांगा. नराची शेपूट बोथट. त्या दोन काड्या उडताना तोल सांभाळतात. डासांनाही असतात, फक्त इतक्या ठळक दिसत नाहीत.

डेंग्यूचा एडिस डास याच्यापुढे चिमुकला: काळा, पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. तो साठलेल्या पाण्यात वाढतो. तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करून घासा. घरातल्यांचा जोर तिकडे वळवा.

अळी तळहातावर घेऊन बघा. हुमणी पांढरट, डोकं तपकिरी, सहा पाय, आणि अंग अर्धगोल वळलेलं. क्रेन फ्लायची अळी मातकट, लांबट, बिनपायाची. डोकं आत ओढून घेते. खड्ड्यातल्या बहुधा कुजकी पानंच खातात, म्हणजे तुमचं खतच करतात.

इंग्लंडमध्ये याला ‘डॅडी लाँगलेग्ज’ म्हणतात आणि अळीला ‘लेदरजॅकेट’, कातडं चिवट म्हणून. तिथल्या काही जाती गवताची मुळं खातात. १९३५ साली लॉर्ड्सच्या मैदानावर या अळ्यांनी गवत खाऊन टक्कल पाडलं होतं. अमेरिकेत ‘मॉस्किटो हॉक’ असंही नाव आहे, हा डास मारतो अशा समजुतीनं. तो डास खात नाही.

प्रतिसाद २

गॅलरीतला दिवा पिवळा आणि मंद लावा, येणं बरंच कमी होईल. आत आलाच तर ग्लास आणि पोस्टकार्ड वापरून बाहेर सोडा. आमच्याकडे अंगणातला दयाळ सकाळी पाचोळा उकरून अळ्या टिपतो. स्प्रे मारला तर ते विष त्याच्याही पोटात जाणार.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. अळ्या पाहिल्या: पाय नाहीत, हात लावला की डोकं आत. सासूबाईंनाही दाखवल्या, त्यांना पटलं. आता एकच शंका: हिरवळीचा एक तुकडा पिवळा पडलाय. तिथे पाणी कमी करून माती वाळू द्यावी, की आधी उकरून अळ्या बघाव्यात?